झेंड्याची किंमत

3 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकमधला तो शनिवार आपल्याकडे नेमबाज मनू भाकरच्या चौथ्या क्रमांकाची हळहळ करण्यात गेला. तिसरं पदक अगदी हाताशी येऊन निसटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी हॉकीत ब्रिटनशी गाठ होती. त्यामुळे त्या रात्री स्ताद द फ्रान्सवर जे घडलं, त्याकडे आपल्यापैकी फार थोड्यांचं लक्ष गेलं असेल.

आधी तिहेरी उडीची अंतिम फेरी झाली. या प्रकारात ज्या पायावर उसळी घ्यायची त्याच पायावर पहिल्यांदा उतरायचं, दुसऱ्या टप्प्यात पाय बदलायचा आणि तिसऱ्यात वाळूवर झेपावायचं. धावण्याचा वेग प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा गळत जातो; तो जिचा सगळ्यात कमी गळतो ती जिंकते. डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने दुसऱ्याच प्रयत्नात 15.02 मीटरची उडी मारली आणि ती शेवटपर्यंत कुणाला ओलांडता आली नाही. थोड्या वेळाने पाऊस आला. ओल्या ट्रॅकवर महिलांची 100 मीटरची शर्यत झाली आणि सेंट लुशियाची ज्युलियन अल्फ्रेड 10.72 सेकंदांत पहिली आली. अमेरिकेची शकॅरी रिचर्डसन 10.87 सेकंदांवर, म्हणजे या अंतरात डोळ्यांना सहज दिसेल इतकी मागे. अल्फ्रेडने छातीवरची नावाची पट्टी ओरबाडून काढली आणि ती हातात धरून ओरडत सुटली.

दोन्ही देशांची ऑलिंपिकमधली ही पहिलीच पदकं, तीही सोन्याची. दोघांनी 1996 मध्ये अटलांटात पहिल्यांदा पथक पाठवलं होतं. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, सेंट लुशियाची एक लाख ऐंशी हजारांच्या घरात. सेंट लुशियाचं क्षेत्रफळ साधारण मुंबई शहर आणि उपनगर मिळून होईल एवढं. दुसऱ्या दिवसापासून 'चमत्कार' हा शब्द सगळीकडे फिरू लागला. दरडोई पदकांचे तक्ते निघाले, भारताची सहा पदकं आणि एकशे चाळीस कोटी माणसं यांची चेष्टा झाली. मला या दोन्ही गोष्टी खटकल्या. चमत्कार म्हटलं की कारणं शोधण्याची जबाबदारी संपते, आणि दरडोई तक्त्यात तर माणूसच उरत नाही.

नकाशा समोर घेतला तर मात्र एक विलक्षण गोष्ट दिसते. कॅरिबियन समुद्रात उत्तरेकडून दक्षिणेकडे चार बेटं ओळीने येतात: ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुशिया. एकाआड एक. ग्वादलूप आणि मार्टिनिक फ्रान्सचे भाग आहेत. डॉमिनिका 1978 मध्ये आणि सेंट लुशिया 1979 मध्ये ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाली. चारही बेटांवर उसाचे मळे होते, चारही ठिकाणी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, चारही ठिकाणी घरात फ्रेंच वळणाची क्रिओल बोलली जाते. फरक आहे तो झेंड्याचा. ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोघांपैकी प्रत्येकाची लोकसंख्या डॉमिनिका आणि सेंट लुशिया यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे, पण ऑलिंपिकच्या संचलनात त्यांना स्वतःची जागा नाही.

म्हणून त्यांचे खेळाडू मागे राहिले का? उलट. 26 जुलैला पॅरिसमध्ये ज्या दोघांनी ऑलिंपिक ज्योत पेटवली, त्या धावपटू मारी-जोसे पेरेक आणि ज्युदोपटू टेडी रिनेर या दोघांचाही जन्म ग्वादलूपचा. पेरेकने फ्रान्ससाठी धावण्याची तीन सुवर्णपदकं मिळवली. फ्रान्सच्या झेंड्यासोबत फ्रान्सची प्रशिक्षण केंद्रं येतात, डॉक्टर येतात, पगार येतो. समुद्रापलीकडच्या डॉमिनिकाकडे स्वतःचा झेंडा होता, पण 2024 मध्येही धड धावपट्टी नव्हती.

या दोन झेंड्यांमधलं अंतर एका माणसाने स्वतःच्या आयुष्यात पार केलं. 1995 च्या जागतिक स्पर्धेत, गोथेनबर्गला, ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सने तिहेरी उडीत 18.29 मीटरचा विक्रम केला. तो अजून मोडलेला नाही. एडवर्ड्सच्या त्या झेपेत बाकी सगळं झाकोळून गेलं, पण त्या दिवशी रौप्य बर्म्युडाच्या ब्रायन वेलमनला आणि कांस्य डॉमिनिकाच्या जेरोम रोमेनला मिळालं होतं. पुढे रोमेन फ्रान्सकडून खेळू लागला. त्याला दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. गुडघे आणि घोटे पणाला लावून खेळायचा हा खेळ. त्यात आधाराची गरज असलेला माणूस आधार असेल तिकडे जाणारच. पण डॉमिनिकाला त्याच क्रीडाप्रकारातल्या पुढच्या मोठ्या यशासाठी लाफाँडची वाट पाहावी लागली, हेही खरं.

लाफाँड तरी कुठे बेटावर घडली? जन्म डॉमिनिकाचा, पण कुटुंब ती लहान असतानाच अमेरिकेत गेलं. शाळा आणि विद्यापीठ मेरीलँडमध्ये झालं, प्रशिक्षक तिचा नवराच, अ‍ॅरन गॅडसन. मधल्या काळात तिने विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्याची नोकरीही केली. रिओत अंतिम फेरी गाठता आली नाही, टोकियोत गाठली पण बारावी आली. ती अमेरिकन पात्रता फेरीत उतरू शकली असती का, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती डॉमिनिकासाठी खेळली हे महत्त्वाचं. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने त्या देशाची दैना केली. नुकसान वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त, 226 टक्के मोजलं गेलं. पंतप्रधानांच्या स्वतःच्या घराचं छप्पर उडालं. अशा देशाने छपरं बांधायची की ट्रॅक, हा प्रश्न विचारायलाही जड जातं. विजयानंतर लाफाँडने ट्रॅकची गरज बोलून दाखवली, ती हे सगळं जाणूनच.

सेंट लुशियाची गोष्ट याहून ठसठशीत आहे. तिथल्या व्यू फोर्ट गावात जॉर्ज ओडलम यांच्या नावाचं राष्ट्रीय स्टेडियम आहे. 2009 मध्ये गावातल्या सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली आणि ते रुग्णालय स्टेडियममध्ये हलवण्यात आलं. तात्पुरतं म्हणून. पॅरिस ऑलिंपिकपर्यंत ते तिथेच होतं. आग लागली तेव्हा अल्फ्रेड आठ वर्षांची होती. म्हणजे तिचं धावणं शिकण्याचं सगळं वय देशाच्या मुख्य स्टेडियममध्ये रुग्ण असताना गेलं. ती अनवाणी, शाळेच्या गणवेशात, मिळेल त्या मैदानावर धावली, हे तिने स्वतः सांगितलं आहे. शाळेत ती मुलांनाही मागे टाकायची. बारा वर्षांची असताना वडील गेले आणि तिने धावणं सोडलं. कथबर्ट मोडेस्ट या प्रशिक्षकाने तिला परत मैदानावर आणलं. चौदाव्या वर्षी ती एकटी जमैकाला शिकायला गेली. तिथून टेक्सास विद्यापीठ आणि एड्रिक फ्लोरेआल यांचं प्रशिक्षण.

इथे छोट्या देशाचं एक बळ दिसतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. एवढ्याशा बेटावर वेगाने धावणारी मुलगी हरवत नाही. ती कुणाची तरी भाची असते, कुणाच्या तरी वर्गात असते. तिने धावणं सोडलं तर चार माणसांना कळतं आणि त्यातला एक तिच्या घरी जातो. शाळेतून ती कॅरिफ्टा स्पर्धेपर्यंत पोचते. 1972 पासून ईस्टरच्या सुट्टीत होणारी ही कॅरिबियन मुलामुलींची मैदानी स्पर्धा म्हणजे त्या बेटांची खरी शाळा. उसेन बोल्टने 2004 मध्ये इथेच 200 मीटर 19.93 सेकंदांत पळून ज्युनियर विश्वविक्रम केला होता. बेटावरची माणसं मूल ओळखतात आणि त्याला कॅरिफ्टापर्यंत आणतात. त्यापुढे बेटाचं बळ संपतं आणि अमेरिकन कॉलेजांची शिष्यवृत्ती सुरू होते.

आपल्याकडे नेमकं उलट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमध्येच रायफल नेमबाजीत कांस्य जिंकला. तो क्रीडा प्रबोधिनीत पोचला, पुढे रेल्वेत नोकरी लागली, घर सोडलं तरी देश सोडावा लागला नाही. आपल्याकडे शिडी आहे, डगमगती का होईना. पण तिच्या पहिल्या पायरीपर्यंत न पोचलेल्या मुलींची मोजदाद कुणाकडेच नाही. दरडोई तक्ता यातलं काहीच सांगत नाही.

झेंड्याचा तिसरा मार्गही त्या बेटांनी करून पाहिला आहे, आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे: वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ. त्यातला डॅरेन सॅमी सेंट लुशियाचा. 2023 च्या जुलैमध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणात 171 धावा केल्या ते विंडसर पार्क डॉमिनिकाच्या राजधानीत, रोसोत आहे. चीनच्या मदतीने बांधलेलं हे मैदान मुख्यतः क्रिकेटसाठी आहे. बेटांनी मिळून संघ केला म्हणून तिथे कसोटी सामने येतात. ऑलिंपिकमध्येही एकदा असं झालं होतं. 1960 ला रोममध्ये वेस्ट इंडीज संघराज्याचं एकत्र पथक उतरलं आणि दोन कांस्यपदकं घेऊन आलं. 1962 मध्ये संघराज्य मोडलं आणि तो झेंडाही गेला. आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत येतंय, आणि वेस्ट इंडीज नावाचा संघ तिथे उतरू शकत नाही, कारण ऑलिंपिकला फक्त वेगवेगळे देश ठाऊक आहेत.

मग वेगळा झेंडा असावा की नसावा? मी निःसंशय झेंड्याच्या बाजूने आहे. पेरेक धावली तेव्हा ग्वादलूपच्या घरांत आनंद झालाच असणार, पण राष्ट्रगीत पॅरिसचं वाजलं. सेंट लुशियात आर्थर लुईस आणि डेरेक वॉलकॉट असे दोन नोबेल विजेते झाले, दोघेही 23 जानेवारीला जन्मलेले, आणि त्या बेटावर तो आठवडा अभिमानाने साजरा होतो. आपल्या मातीतलं नाव जगाने घेणं ही काय चीज असते ते तिथल्या लोकांना पुरेपूर कळतं. म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने ज्युलियन अल्फ्रेडच्या नावाचा दिवस जाहीर केला.

माझं म्हणणं एवढंच, की या झेंड्याची किंमत चौदा वर्षांच्या मुलीने एकटीने घर सोडून मोजू नये. ऑलिंपिकच्या नियमांत लहान देशांची सोय आहे: ज्यांचा एकही खेळाडू पात्र ठरत नाही, त्यांना मैदानी खेळांत एक पुरुष आणि एक महिला पाठवता येते. हा नियम चांगला आहे. त्यावर नाक मुरडणारे, सुरुवातीच्या फेरीत मागे पडणाऱ्या धावपटूंना हसणारे, मला अजिबात पटत नाहीत. पण ही मदत प्रवासाच्या शेवटच्या टोकाला मिळते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने पॅरिसमध्ये प्रथमच सुवर्ण विजेत्यांना पन्नास हजार डॉलर दिले, तेही जिंकल्यावर. सुरुवातीच्या टोकाला, जिथे एक ट्रॅक आणि एक पगारी प्रशिक्षक लागतो, तिथे हात फार आखडता असतो. टीव्हीच्या हक्कांतून ऑलिंपिक समितीकडे येणारा पैसा पाहता चार-पाच बेटांत मिळून एक प्रशिक्षण केंद्र उभारणं तिला जड जाऊ नये. क्रिकेटसाठी एकत्र येणाऱ्या सरकारांनाही ते अशक्य नाही. खेळताना झेंडे वेगळे ठेवून सरावाचं मैदान एक करता येईल.

2025 च्या सप्टेंबरमध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा झाली. तिहेरी उडीत लाफाँडला रौप्य मिळालं, 100 मीटरमध्ये अल्फ्रेडला कांस्य. एकीची तयारी मेरीलँडमध्ये झाली होती, दुसरीची टेक्सासमध्ये.