हातातून हातात



प्राण्यांच्या संस्थेकडून हौसेनं मांजर दत्तक आणावं आणि महिन्याभरात कळावं, की नातवाचा दमा बळावतोय. मग मुंबईच्या भायखळ्यात कुणीतरी जुनाच सल्ला देतं : “पिशवीत घाला, मासळी बाजारात सोडून या. खाऊनपिऊन सुखी राहील.”

पण मांजराला पोटाइतकीच जागा प्यारी. बाजारातला कोपरा न् कोपरा आधीच दुसऱ्या मांजरांनी वाटून घेतलेला असतो. घरात वाढलेला जीव तिथे बोक्यांच्या पंजात नाहीतर टेम्पोच्या चाकाखाली सापडतो. पाळलेल्या जनावराला असं उपासमारीच्या तोंडी सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

त्यापेक्षा संस्थेला फोन करून खरं कारण सांगावं. लसीचं कार्ड, मांजराच्या आवडीनिवडी, ओळखीच्या वासाचं अंथरूण सोबत द्यावं. नवं घर मिळेपर्यंत धीर धरावा. शेजारच्या परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांवर उपचार करतंय. ही माया या वस्तीला नवी नाही.

पाण्याने भरलेली घागर पेलवेना, तर आपण ती रस्त्यात टाकत नाही. सोबतच्याच्या हाती देतो. मुका जीवही तसाच सोपवावा.