शस्त्र टाकणारा वीर

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेतील सर्वश्रेष्ठ योद्धा कोण, हा वाद १९७७ साली पहिला चित्रपट आल्यानंतर जो सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही. विजयांची मोजदाद करणारे बहुधा डार्थ व्हेडरचे नाव घेतात. परंतु २००५ च्या चित्रपटात हाच व्हेडर आपल्या गुरूकडून, ओबी-वान केनोबीकडून, पराभूत होतो. आणि १९७७ च्या चित्रपटात तोच वृद्ध गुरू त्याच्यापुढे तलवार उभी धरून स्वस्थ राहतो व वार अंगावर घेतो. मोजदाद येथेच अडखळते.

आमचे मत ल्यूक स्कायवॉकरकडे झुकते, तेही १९८३ च्या चित्रपटातील एका क्षणामुळे. बहिणीवरून डिवचला गेल्यावर तो संतापाने पित्यावर तुटून पडतो, त्याचा हात छाटतो. छाटलेल्या हातातील तारा पाहून त्याची दृष्टी स्वतःच्या यांत्रिक हाताकडे वळते, आणि सम्राटाच्या देखत तो शस्त्र फेकून देतो. अर्जुनाने गांडीव टाकले ते युद्धापूर्वी, विषादाने. हा टाकतो तो जिंकल्यावर. हा भेद आम्हांस लहान वाटत नाही.

आक्षेप असा की, त्याच वेळी बाहेर त्याचे सोबती लढत होते, मरत होते. आणि पिता ऐन वेळी उठला नसता तर ल्यूक सम्राटाच्या विजेने जळून गेला असता. आक्षेप खरा आहे. ते प्रचंड युद्धयंत्र फोडले लँडो आणि इतर वैमानिकांनी, ल्यूकने नव्हे. मात्र सम्राटास हवा होता एक नवा दास, आणि तो त्यास मिळू न देणे हे कोणाही वैमानिकाच्या हातचे नव्हते.