जादा पस्तीस क्रेट

जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला, दोन सख्खे भाऊ राहत होते. दोघांकडे एकेक पिकअप होती. एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. टोमॅटोचा हंगाम लागला की दोघे आसपासच्या शेतकऱ्यांचा माल भरून संध्याकाळी निघत आणि माळशेज घाट उतरून, मोरोशी, टोकावडे, मुरबाड करत रात्री कल्याणच्या बाजार समितीत पोचत. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो. आरसी बुकात दीड टन माल लिहिलेला, म्हणजे ७५ क्रेट. दोघेही तेवढेच भरत.

घाटात दोघांनाही एकच त्रास होता. अर्धा उतार संपला की चाकांकडून जळका वास यायचा आणि पेडल नेहमीइतकं दाबूनही गाडी उशिरा थांबायची. मग बाजूला जागा बघून गाडी उभी करायची, ब्रेक गार होऊ द्यायचे आणि पुन्हा निघायचं.

त्यात नवल काहीच नव्हतं. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो. माळशेजच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत साधारण ५०० मीटरचा उतार आहे. माल धरून तीन टनांची गाडी तेवढी खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यात साध्या तापमानाचं ४० लिटरहून जास्त पाणी उकळायला लागेल. इंजिन, टायर आणि वारा त्यातला वाटा उचलतात. पण उरलेला भार मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर आणि तळहातात मावणाऱ्या चार पॅडवर येतो, आणि ड्रायव्हरने गिअर वरचा ठेवला, तर तो आणखी वाढतो. स्वस्तातले पॅड एवढे तापले की त्यांना बांधून ठेवणारी राळ जळू लागते, तिचा वायू सुटतो आणि डिस्कवरची पकड ढिली पडते.

गावच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. दोघे भाऊ त्यांच्याकडे गेले. आबांनी चाकं उतरवली, पॅड काढून हातात घेतले. काठ भुरभुरीत झालेले, वरचा भाग काचेसारखा चकचकीत.

"हे गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचे पॅड आहेत," आबा म्हणाले. "तुम्हाला घाट उतरायचा आहे. सेमी मेटॅलिक बसवा. त्यात पोलादाचा कीस असतो, जास्त उष्णता सोसतात. थोडा आवाज करतील, डिस्क जरा लवकर झिजवतील, पण घाटात सोडून जाणार नाहीत."

"बसवा की मग," धाकटा म्हणाला.

"पॅड तासाभरात बसतील. पण त्यांच्याबरोबर आणखी कामं आहेत. ब्रेक ऑइल बदलायला हवं, ते काळं पडलंय. कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायचं. मागचे ड्रम उघडून लायनर बघायचे. गाडी दिवसभर इथे राहील."

थोरल्याने किल्ली आबांच्या हातात दिली. धाकट्याने घड्याळ बघितलं. त्याचं भाडं ठरलेलं होतं, शेतकरी वाट बघत होते. "आबा, माझे फक्त पॅड टाका. बाकीचं हंगाम संपल्यावर करू." आबांनी दोनदा सांगून पाहिलं. धाकट्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ऐन हंगामात एक दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात गाडीचा हप्ता चालू आहे त्यालाच कळतं. ब्रेक ऑइल दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ही गोष्ट म्हणूनच भल्याभल्यांकडून राहून जाते.

पॅड बसल्यावर आबांनी दोघांना मोकळ्या रस्त्यावर पाठवलं. ५० च्या वेगाने जायचं, ब्रेक दाबून १० वर आणायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. थोडं चालवून गार होऊ द्यायचं आणि पुन्हा तेच, आठ-दहा वेळा. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला, तरच पकड येते. एवढं मात्र धाकट्यानेही मन लावून केलं.

पहिल्याच फेरीत दोघांना फरक कळला. पायथ्यापर्यंत पेडल तसंच्या तसं, ना वास, ना मध्ये थांबणं. कल्याणच्या गाळ्यावर क्रेट उतरवताना धाकटा चहा पीत पीत सगळ्या ड्रायव्हरांना नव्या पॅडचं कौतुक सांगत होता. खोटं काहीच नव्हतं त्यात. पॅड खरोखर चांगले होते.

थोरला घाटाच्या माथ्यावर पूर्वीपासून दुसरा गिअर टाकायचा. जुन्या ड्रायव्हरांचा नियमच आहे, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधूनच लावावा लागतो. नवे पॅड आले तरी त्याने गिअर बदलला नाही.

धाकटाही आधी दुसऱ्यातच उतरायचा. आता तो तिसऱ्यात उतरू लागला. पंधरा मिनिटं लवकर पोचलं की गाळ्यावर जागा बरी मिळते. काहीच बिघडलं नाही. मग ७५ चे ८५ क्रेट झाले. तेव्हाही काही बिघडलं नाही. मग ९५. गाडी मागून फार बसायला लागली, तेव्हा त्याने एका लोहाराकडून मागच्या कमानीत दोन जादा पाटे चढवून घेतले. गाडीची पाठ पुन्हा ताठ झाली. आता त्यात ११० क्रेट बसत होते. आरसीत लिहिलंय त्यापेक्षा ७०० किलो जास्त.

थोरल्याने एकदा त्याला गाठलं. "तू ब्रेक कशाला बदललास?"

"घाटात गाडी थांबत नव्हती म्हणून."

"आता थांबते ना? मग बास की."

"दादा, ब्रेक वाढला तर माल का वाढवायचा नाही? एवढे पैसे घालून पॅड बसवले, ते वसूल नकोत करायला?"

थोरल्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. तो गप्प बसला.

इथे मी कथा क्षणभर थांबवतो, कारण धाकट्याचा हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्यूनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यात हेच पाहिलं गेलं. काही टॅक्सींना चाकं जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. अपघात घटतील अशी आशा होती. पण दोन्ही गटांच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. ज्यांच्याकडे चांगला ब्रेक होता, ते जास्त जोरात ब्रेक मारू लागले, वळणं जास्त झपाट्याने घेऊ लागले. जे सुरक्षितपण मिळालं होतं ते त्यांनी वेगात खर्चून टाकलं. धाकट्याने ते टोमॅटोत खर्चलं, एवढाच फरक.

दसऱ्याच्या आधी भाव चढला. प्रत्येक शेतकऱ्याला आपला माल आजच बाजारात हवा होता. धाकट्याने ११० क्रेट भरले आणि अंधार पडता पडता निघाला. थोरल्याने आपले ७५ भरले, उरलेल्यांना उद्याची फेरी सांगितली, दोघातिघांचे चार शब्द ऐकून घेतले आणि अर्ध्या तासाने निघाला.

धाकटा माथ्यावरून तिसऱ्या गिअरमध्येच उतरायला लागला. ब्रेकवर पाय जवळजवळ सतत होता. गाडी छान धरत होती. जुने पॅड निदान आधी सांगायचे. पकड हळूहळू कमी व्हायची, वास यायचा, माणूस सावध व्हायचा. या पॅडनी धीर सोडला नाही, त्यामुळे सावध व्हायला त्याला काही कारणच मिळालं नाही. मग एका वळणाआधी त्याने पेडल दाबलं आणि ते मऊ लागलं. पुन्हा दाबलं, तर सरळ तळाला गेलं.

त्याने भराभर पंप मारले, थोडीशी पकड आली आणि गेली. दुसरा गिअर टाकायला गेला, पण वेग इतका होता की गिअर पडेना. हँडब्रेक ओढला. डोंगर त्याच्या बाजूला होता हे नशीब. त्याने गाडी कडेच्या चरीत घातली आणि कातळाला घासत घासत थांबवली. क्लीनर पोराचा हात मोडला. क्रेट फुटून घाटभर टोमॅटो पसरले.

थोरला मागून दुसऱ्या गिअरमध्ये येतच होता. गाडी लांब उभी करून त्याने चाकांना दगड लावले, टॉर्च दाखवून मागची वाहनं थांबवली आणि पोराला घेऊन मुरबाडला दवाखान्यात गेला.

सकाळी आबा घाटात आले. धाकटा रात्रभर गाडीपाशीच बसून होता. आबांनी पेडल दाबून पाहिलं. ते टणक होतं, अगदी नव्यासारखं.

"आबा, देवाशपथ सांगतो, रात्री ते तळाला गेलं होतं," धाकटा रडवेला होऊन म्हणाला.

"गेलं असणार. मला माहीत आहे." आबांनी चाक उतरवलं आणि पॅड त्याच्या हातात ठेवले. "बघ. पॅड अजून चांगलेच आहेत. पॅडनी तुला दगा दिला नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि घाटाखालच्या पावसाळी हवेत तर जास्तच. डॉट फोर प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की तेच १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. ऑइल पायाचा जोर चाकापर्यंत नेतं, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की जोर ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. गार झालं की वाफ विरते, पेडल पुन्हा टणक होतं. धातूचे पॅड जास्त तापले तरी टिकतात खरे, पण तीच उष्णता ते मागे कॅलिपरकडे आणि ऑइलकडेही जास्त पोचवतात. म्हणून नवे पॅड आणि जुनं ऑइल ही जोडी वाईट.

"आणि हे बघ," म्हणत आबांनी त्याला गाडीखाली वाकायला लावलं. मागच्या ॲक्सलपाशी एक दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह होता. "माल भरला की गाडी मागून बसते. त्या बसण्यावरून ह्याला कळतं की वजन आहे, मग हा मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल. तू जादा पाटे चढवलेस. ११० क्रेट भरूनही गाडी बसली नाही. ह्याला वाटलं, गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक ह्याने कमीच ठेवला आणि जास्तीचं ओझं पुढच्या डिस्कवर गेलं."

धाकटा बराच वेळ पॅड हातात धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे बसवायलाच नको होते."

"असं कसं? बसवायलाच हवे होते. दादाच्या गाडीला तेच आहेत." आबा उठून उभे राहिले. "पोरा, हे पॅड तुझ्या जिवासाठी बसवले होते. तू ते क्रेटला भाड्याने दिलेस. ज्या रात्री तुला स्वतःला ते लागले, त्या रात्री तुझ्या वाट्याला काही उरलं नव्हतं."

पुढचं थोडक्यात सांगतो. ज्या शेतकऱ्यांचा माल गेला त्यांना धाकट्याने त्या दिवशीच्या भावाने पैसे दिले. क्लीनरच्या दवाखान्याचा खर्च केला आणि हात बरा होईपर्यंत त्याचा पगार चालू ठेवला. जादा वजनाचा दंडही भरला. २०१९ पासून कायद्यात तो २०,००० रुपये आहे, वर दर जादा टनाला २,००० आणि जादा माल उतरवण्याचा खर्च. जादा पस्तीस क्रेटच्या भाड्यातून हंगामभर जे मिळालं होतं, ते सगळं त्यात गेलं आणि घरचंही घालावं लागलं.

गाडी दुरुस्त झाली तेव्हा त्याने लोहाराकडून चढवलेले पाटे उतरवले. ऑइल बदललं, मागचे लायनर नवे टाकले, पिनांना ग्रीस लावलं. पॅड मात्र तेच ठेवले, अजून पुष्कळ जाड होते. आता तो माथ्यावर दुसरा गिअर टाकतो आणि ७५ क्रेट नेतो. त्याच्या गाडीला आजही दादाच्या गाडीइतकाच चांगला ब्रेक आहे.

तुमच्याही गाडीला कधी चांगले पॅड बसवाल. जरूर बसवा, पैशाकडे बघू नका. त्याच दिवशी ब्रेक ऑइल बदलून घ्या, मागचे ड्रम उघडायला सांगा, त्यासाठी एक भाडं गेलं तर जाऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी घाटाच्या माथ्यावर पोचाल तेव्हा गिअर कालचाच टाका, माल कालचाच ठेवा.