उतारावर न्यूट्रल

बसू नकोस संतोष, उभाच राहा. चहा नंतर.

काल रात्री तुझ्या आईचा चिपळूणहून फोन आला होता. सुखरूप पोहोचलो म्हणाली. पुढे कौतुकाने सांगायला लागली, "सर, पोरगं किती हिशेबी! कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतो, पेट्रोल वाचतं म्हणे. फक्त खाली पोफळीला थांबलो तेव्हा चाकांतून काहीतरी जळल्यासारखा वास येत होता." त्या माउलीला त्या वासाचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दहावीला तुला विज्ञान कोण शिकवत होतं? मीच ना? ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते, हे तेव्हा घोकून घेतलं होतं. मग ते तुझ्या डोक्यातून कधी नाहीसं झालं? हा कागद घे, मांड गणित. तुझी अल्टो सातशे किलोच्या आसपास, आत तुम्ही चौघं, डिकीत तांदळाचं पोतं. सोपं जावं म्हणून हजार किलो धर. घाटाचा उतार पाचशे मीटर धर. वस्तुमान गुणिले दहा गुणिले उंची. किती आले? पन्नास लाख ज्यूल. ही ऊर्जा गेली कुठे? थोडी हवेने खाल्ली, थोडी टायरांनी. गाडी गिअरमध्ये असती तर बराच वाटा इंजिनाने रोखला असता. तू इंजिनाला सुट्टी दिलीस, मग उरलेलं सगळं ब्रेकच्या बोकांडी बसलं. पन्नास लाख ज्यूलमध्ये जवळजवळ सोळा लिटर गार पाण्याला उकळी येते. त्यातली बरीचशी आच तू पुढच्या दोन डिस्क नि मागच्या दोन ड्रमवर टाकलीस, आणि वर बायको-आईला गाणी ऐकवत होतास.

तापलेले पॅड पकड सोडतात, ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. जितकं जुनं, तितकं ते लवकर उकळतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे तू पेडल दाबतोस, ते सरळ तळाला जातं आणि गाडी काही थांबत नाही. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुझ्या गाडीचं कधी बदललं? माहीत नाही ना? मग घाटात उतरायची हिंमत कशाच्या जोरावर केलीस?

आणि ज्या पेट्रोलसाठी हा उपद्व्याप, ते तरी वाचलं का? तुझ्या गाडीला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थेंब थेंब पेट्रोल पाजावंच लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवण्याच्या नादात तू पेट्रोल जाळलंस आणि वर ब्रेकही जाळलेस. शाबास.

मान खाली घालू नकोस, इकडे बघ. जुनी लहान गाडी घेतलीस म्हणून मी बोलत नाही. १९८३ला मारुती ८०० आली नि २०१४पर्यंत निघत राहिली. ७९६ सीसीच्या त्या इवल्या इंजिनावर या घाटातून किती बाळंतिणी माहेरी आल्या, किती म्हातारे दवाखान्यात पोहोचले. ऐपत बघून, कर्ज न काढता दीड लाखात गाडी घेतलीस हे उलट शहाणपणाचंच केलंस. पण स्वस्तात मिळाली म्हणून तिची पत्रास ठेवायची नाही, हे कुठलं शहाणपण? "दीड लाखाची तर गाडी, तिला काय एवढं सर," असं तू माझ्या तोंडावर म्हणालास. गाडी दीड लाखाची असेल, तुझी आई कितीची रे?

आणि हीच गाडी अशी आहे की तिच्यात चूक पोटात घालण्याची सोयच नाही. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लहान गाड्या ६४च्या वेगाने आदळून पाहिल्या. पाचही शून्यावर बाद, त्यात अल्टो ८०० होती. तुझी २०१३ची, एअरबॅग नसलेली, एबीएस नसलेली. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते २०१९मध्ये. नव्या महागड्या गाडीवाल्याने गाफीलपणा केला तर गाडी एखाद वेळी त्याला सांभाळून घेईल. तुला सांभाळणारं त्या पत्र्यात काही नाही. तुझं लक्ष, ब्रेक, टायर आणि पट्टा, एवढीच तुझी पुंजी. मागच्या सीटचे पट्टे सीटखाली दाबून ठेवलेत, "टोचतात" म्हणून. काढ ते बाहेर.

टायर मी काल सकाळीच बघितले, तू आत डबे भरत होतास तेव्हा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुझ्या मागच्या डाव्या टायरवर ३२१५ आहे. म्हणजे २०१५चा बत्तिसावा आठवडा. खाचा आहेत अजून, पण बाजूचं रबर भेगाळलंय, बोट फिरवलं तरी लागतं. स्टेपनीत हवा नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं तर म्हणालास, आधीचे मालक बोलले होते बहुतेक. बहुतेक! तो बेल्ट तुटला की इंजिन जिथल्या तिथे बंद, मग ते हेळवाक गाव असो की घाटाचं वळण. पण म्युझिक सिस्टीम नवी, सीट कव्हर नवी, काचेवर वाघाचा स्टिकर नवा.

आता कागद. डॅशबोर्डच्या खणात फॉर्म २९ नि ३० पडलेत, मालकाच्या सह्या केलेले आणि बाकी कोरे. दिवाळीत गाडी घेतलीस, आता आंबे उतरायला लागले, तरी आरसीवर नाव ज्यांच्याकडून घेतलीस त्या निवृत्त क्लार्कचंच. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. तू म्हणशील, सगळेच असं करतात. सगळे करतात म्हणूनच तर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच होतं. अपघातात जीव गेला, आणि न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. उद्या तुझ्या हातून काही झालं तर त्या भल्या माणसाला पेन्शन घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकून सह्या दिल्या, आणि तू ते कागद चिंच-गोळ्यांच्या पुडीखाली कोंबलेस.

विमाही त्यांच्याच नावावर. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो तुला लागू नाही. तुझी गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारेल, तू कोण? पीयूसी संपलेली आहे, त्यावर आता बोलत नाही, घसा सुकलाय माझा.

किल्ली टेबलावर ठेव. ठेव म्हटलं ना. मिस्त्रीला मी सांगितलंय, उद्या तो इथूनच गाडी नेईल. चारही चाकं उघडून पॅड नि लायनर बघेल, ब्रेक ऑइल पूर्ण बदलेल, मागचे दोन टायर नवे टाकेल. पैसे तुझे. कमी पडत असतील तर ती म्युझिक सिस्टीम वीक. तोवर त्या क्लार्कसाहेबांच्या घरी जा, उशीर झाला म्हणून माफी माग आणि नावबदलीचा अर्ज त्यांच्यासमोर भर. लागतील ती कागदपत्रं घेऊन कराडच्या आरटीओत मी येतो तुझ्याबरोबर, नाहीतर तिथेही कुणा एजंटच्या हातात पैसे टेकवून मोकळा होशील.

आणि आईला रविवारी परत आणायचंय ना? एसटीने जा.