चितळाचा मान

थंडी पडली की जबलपूरच्या बडा फुहाऱ्यावरची रविवारची गर्दी जरा वेगळी असते. कमानिया गेटजवळ खोव्याची जिलेबी बांधून घेणारी, फरसाणाच्या पुड्या पिशवीत भरणारी बरीचशी मंडळी सहलीला निघालेली असतात. भेडाघाट आहे, बरगी आहे; पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन दिवसभरात जाऊन यायचं तर डुमनाचं रानच बरं. इथल्या जुन्या मराठी घरांना कार्तिकातलं आवळीभोजन ठाऊक आहे. ते गच्चीवर उरकण्यापेक्षा अशा रानात व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र डुमना म्हणजे नुसती बाग नव्हे. महापालिकेच्या देखरेखीखालचं हे रान १०५८ हेक्टरांवर पसरलं आहे आणि त्यात खंदारीचा तलाव आहे. जबलपूरला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून १८८३ साली तो बांधला गेला. भोवतीच्या झाडाझुडपांनी माती धरून ठेवली आहे, म्हणून पाण्याबरोबर गाळ कमी उतरतो. म्हणजे आपण जिथे सतरंजी अंथरतो, तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा काठ आहे. तिथे खरकटं टाकायला हात धजावू नये.

या तलावात मगरी आहेत. त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही, हे कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. मगरीचा मान आपण राखतो. इथल्या चितळाचा राखत नाही, कारण ते आपलं काही बिघडवू शकत नाही.

मध्यंतरी तिथे सहा-सात वर्षांची एक मुलगी तळहातावर बिस्कीट धरून उभी होती. आई मोबाइल सावरत म्हणत होती, “हात अजून थोडा पुढे कर.” चितळाने बिस्कीट घेतलं आणि मग खाली पडलेला पुडाही ते चाटू लागलं. चितळ हे रवंथ करणारं जनावर. पोटात गेलेलं प्लॅस्टिक त्याला पचत नाही. ते साचत जातं, भूक मरते आणि जनावर भरल्या पोटी उपाशी राहतं. आईच्या मनात वाईट काहीच नव्हतं. लेकीला मुक्या जीवाची माया लागावी, एवढीच तिची इच्छा असणार. पण चितळाला तिथे गवत आहे, पाला आहे, पाणी आहे. त्याला गरज नसताना दिलेलं बिस्कीट हे आपल्या हौसेसाठी आणि फोटोसाठी असतं. त्याला दान म्हणू नये.

तेच आवाजाचं. रानात रात्री तंबूत राहिलं की स्पीकर लावायचा मोह होतो. अडवायला कुणी नसतं. पण तीच वेळ साळिंदर, कोल्हे बाहेर पडण्याची असते. आपल्याला जाब विचारणारं कुणी नाही, तिथे आपण कसे वागतो, यावरून मुलं शिकतात. शाळेतल्या पर्यावरणाच्या धड्यापेक्षा जास्त.

येत्या रविवारी जाणार असाल तर जिलेबी स्टीलच्या डब्यात घ्या आणि पत्रावळीसुद्धा परत आणा. आणि फाटकातून आत शिरण्याआधीच मुलांना सांगा : इथे कुणालाही काही खायला द्यायचं नाही, लांबून बघायचं.