‘खरी कोण होती?’

गेल्या मे महिन्यात आमच्या परळच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने संत जोन ऑफ आर्क हिच्या जीवनावर एक छोटी नाटिका बसविली. ३० मे हा तिचा सण. जोनची भूमिका करणाऱ्या मुलीने हौसेने आपले लांब केस कापून घेतले. तिच्या आईला ते मुळीच रुचले नाही, पण तो वाद घरच्या घरी मिटला. न मिटणारा वाद उपस्थित झाला तो तालमीच्या तिसऱ्या रात्री. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने सांगितले की, लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २०२२ साली जोनवर जे नाटक झाले, त्यात तिला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणीच न मानता या दोन्हींच्या पलीकडची व्यक्ती म्हणून उभे केले होते. हे ऐकताच तालमीला रोज हजेरी लावणारे आमचे एक वयोवृद्ध काका उसळून उठले.

“फादर, संतपदाला पोहोचलेल्या कुमारिकेविषयी हे असले आम्ही ऐकून घ्यायचे? आता तुम्हीच सांगा, ती खरी कोण होती?”

मुलगाही मागे हटेना. “मग तिने पुरुषी वेष का सोडला नाही, तेही सांगा फादर.”

मी त्या रात्री काहीच उत्तर दिले नाही. उशीर झाला आहे, तालीम पुढे चालू करा, एवढेच म्हणालो. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या दोघांना उशिराने दिलेले उत्तर आहे. तेही पुरते जमले आहे असे नाही.

जोनच्या खटल्याची कागदपत्रे आजही उपलब्ध आहेत. त्या काळातील एका खेडवळ, निरक्षर मुलीचे इतके शब्द जपले गेले आहेत, हेच एक नवल आहे. १४१२ च्या सुमारास दोंरेमी या गावी ती जन्मली. १४२९ साली तिने ऑर्लेआँ शहराचा वेढा उठविला, पुढच्या वर्षी ती शत्रूच्या हाती सापडली आणि रूआँ येथे बिशप कोशों यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यावर धर्मखटला चालला. तिच्यावरील आरोपांत पुरुषी वेषाचा आरोप पुनःपुन्हा येतो. स्त्रीने पुरुषाची वस्त्रे घालू नयेत, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, त्याचा आधार घेण्यात आला. जोनचे म्हणणे असे की, कपडे ही अगदी क्षुल्लक गोष्ट आहे आणि जे केले ते देवाच्या आज्ञेने केले. २४ मे १४३१ रोजी मरणाच्या भीतीने तिने शरणपत्रावर खूण केली आणि स्त्रीवेष घेतला. थोड्याच दिवसांत ती पुन्हा पुरुषी वेषात आढळली. तेवढे पुरेसे झाले. ३० मे रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

पुढे खटल्याची फेरतपासणी झाली, तेव्हा कैदखान्यात तिची ये-जा पाहिलेल्यांनी साक्षी दिल्या. तिच्या कोठडीवर स्त्रियांचा नव्हे, सैनिकांचा पहारा होता. पुरुषी वस्त्रे नाड्यांनी घट्ट आवळून बांधता येत, त्यामुळे अब्रू वाचविण्यास तिला त्यांचाच आधार होता. १४५६ साली तो निकाल रद्दबातल ठरला आणि १९२० साली परमगुरुस्वामी पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संत म्हणून घोषित केले. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस घोकून पाठ केला होता. गरजेपोटी, शत्रूपासून लपण्यासाठी किंवा दुसरे वस्त्र नसल्यास असा वेष घेणे पाप ठरत नाही, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. तो वारला १२७४ साली. म्हणजे रूआँच्या न्यायाधीशांना हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही.

तेव्हा त्या मुलाला मी असे सांगेन की, बाळा, जोन स्वतःला ‘कुमारी’ म्हणवीत असे. याच नावाने तिने शत्रूच्या सेनापतींना पत्रे पाठविली. तिने स्वतःसाठी वापरलेला शब्द आपल्या सोयीसाठी पुसून टाकण्याचा अधिकार लंडनच्या नाटककाराला नाही आणि तुलाही नाही. आणि काकांना सांगेन की, तिचा शब्द पहिल्यांदा पुसला तो आपणच. वेषावरून माणूस ओळखता येतो, अशी खात्री असलेल्या आपल्यासारख्याच धर्मनिष्ठ लोकांनी.

संतचरित्रांत अशी दुसरीही एक कथा आहे. लेबनॉनमधील एका मठात मरीना नावाची स्त्री पुरुष संन्यासी म्हणून राहत होती. गावातील एका मुलीने आपल्या मुलाचे पितृत्व तिच्यावर लादले. मरीनाने एका शब्दानेही इन्कार केला नाही. मठाबाहेर हाकलली गेली, तरी ते मूल तिने वाढविले. मृत्यूनंतर देह धुताना सत्य उघडकीस आले, तेव्हा मठाधिपती धाय मोकलून रडला. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. मला त्या मठाधिपतीविषयी मात्र नेहमी कुतूहल वाटते. तो नेमका कशासाठी रडला असेल? ती स्त्री होती म्हणून, की तो इतकी वर्षे चुकीच्या गोष्टीचा न्यायनिवाडा करीत बसला म्हणून?

गंमत अशी की, हेच आमचे काका बालगंधर्वांचे निस्सीम भक्त आहेत. त्यांचे बालपण गिरगावात गेले. आजोबांनी बालगंधर्व डोळ्यांनी पाहिले होते, हे ते इतक्या अभिमानाने सांगतात की, ऐकणाऱ्याला वाटावे आजोबांना दृष्टान्तच झाला होता. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी दगावली. तरी नाटक मंडळीचे नुकसान नको म्हणून ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले, असे सांगतात. पुढे ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आली, ‘एकच प्याला’मधील सिंधू आली. त्यांच्या साड्या, त्यांचे अंबाडे, पदर घेण्याची त्यांची लकब पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या. स्त्रीने स्त्रीसारखे कसे दिसावे, हे महाराष्ट्राच्या स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकून घेतले! ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. ते पैसे टिळक स्वराज्य फंडाला गेले. नेसून सजलेल्या पुरुषाने स्वराज्यासाठी निधी उभा केला आणि कोणाच्याही भुवया वर गेल्या नाहीत.

१९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु रसिकांना हवी होती ती भामिनी आणि सिंधूच, आणि वय झाल्यावरही ते त्याच वेषात उभे राहत गेले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६७ साली ते गेले. ते पती होते, पिता होते, उत्तरायुष्यात गोहरबाई कर्नाटकी यांचे सहचर होते. लुगडे नेसून आरशासमोर बसलेल्या नारायणरावांच्या मनात काय चालत असेल, हे त्यांचे त्यांना ठाऊक. आज काही अभ्यासक तेही उकरू पाहतात. मी काकांना विचारले, “काका, बालगंधर्व खरे कोण होते, असे तुमच्या आजोबांनी कधी विचारले का हो?” काका थोडे रागावले. “फादर, ती कला होती,” ते म्हणाले.

कलाच होती. पण मग गणपत पाटलांची ती कला नव्हती काय?

आमच्या धर्मग्रामापासून हाकेच्या अंतरावर, लालबागला, हनुमान थिएटर होते. गिरणी कामगारांसाठी तेथे तमाशाचे फड लागत. गिरण्या गेल्या, तसे तेही गेले. तमाशात सोंगाड्याबरोबर नाच्या असतो. त्याने हात उडवावेत, मुरके घ्यावेत आणि लोकांनी शिट्ट्या मारून हसावे. हा नाच्या मराठी चित्रपटात ज्यांनी घरोघर पोहोचविला ते कोल्हापूरचे गणपत पाटील. २००८ साली ते वारले. ते संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे वडील होते. तरीही लोकांनी पडद्यावरचा माणूस आणि घरातला माणूस एकच मानला. लोकांच्या संशयाचे चटके आपल्या कुटुंबालाही सोसावे लागले, हे त्यांनी स्वतः बोलून दाखविले होते. ग्रँट रोडच्या नाटकगृहात पैठणी नेसणारा पुरुष देवदूत, आणि लालबागच्या फडावर तोच हावभाव करणारा पुरुष थट्टेचा विषय. दोघांच्या कृतीत मला तरी फरक दिसत नाही. फरक दिसतो तो तिकिटाच्या दरात आणि पाहणाऱ्याच्या जातीपातीत. ‘तो खरा कोण?’ हा प्रश्न एकाला कधीच विचारला गेला नाही आणि दुसऱ्याला मरेपर्यंत विचारला गेला. सत्य जाणून घेण्याची तळमळ त्यामागे असती, तर ती दोघांच्याही बाबतीत सारखीच असती.

येथे कोणी म्हणेल, फादर ख्रिस्तसभेच्या शिकवणीला बगल देत आहेत. तसे नाही. परमेश्वराने मनुष्याला नर व नारी असे निर्माण केले, ही उत्पत्तीची शिकवण मी मानतो आणि वेदीवरून सांगतो. देह हे देवाचे देणे आहे, ते मनाला येईल तसे बदलण्याची वस्तू नव्हे, असा इशारा एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने मानवी प्रतिष्ठेवरील घोषणापत्रात दिला आहे. त्याच विभागाने त्यापूर्वी काही महिने, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, असेही उत्तर दिले होते की, श्रद्धावंतांत अपप्रवाद किंवा गोंधळ होण्याचा धोका नसेल, तर पारलिंगी व्यक्तीला स्नानसंस्कार देता येतो. आमचे काही भाविक यांपैकी एकच कागद वाचतात. कोणता, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून असते. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिपला इथिओपियाचा षंढ भेटतो. जुन्या नियमशास्त्राने अशा माणसाला मंडळीत प्रवेश नाकारला होता. तो विचारतो, पाणी येथेच आहे, मग अडचण कसली? फिलिप त्याच्या देहाविषयी एक अक्षरही विचारीत नाही, रथ थांबवितात आणि दोघे पाण्यात उतरतात.

तर मग हा प्रश्न कोणी, कधीच विचारू नये काय? तसेही मला म्हणता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक आई आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तो बोलू लागला, तेव्हा “हे विषय नकोत” असे म्हणून त्याला गप्प करणे म्हणजे दार लावून घेणे झाले असते. मी दीड तास ऐकत राहिलो. सल्ला फारसा दिला नाही. मला तो सुचलाही नाही. पण बोलायला सुरुवात त्याने केली होती. जोनवर ती वेळ न्यायाधीशांनी आणली आणि गणपत पाटलांवर शिट्ट्या मारणाऱ्यांनी. आपला प्रश्न आपण स्वतः मांडणे आणि तो आपल्या अंगावर फेकला जाणे, यांत मला जमीन-अस्मानाचे अंतर वाटते. मृतांना तर मांडण्याची सोयच नाही. त्यांनी जेवढे सांगून ठेवले, तेवढ्यावर आपण थांबावे.

हे मला कोठे कळले, तेही सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या सेमिनरीत सणाला नाटक होते. सारेच मुलगे, त्यामुळे नायिकेची भूमिका वर्गातल्या एका सडपातळ, गोड गळ्याच्या मुलाला मिळाली. त्याने ती इतकी सुंदर केली की, वयस्कर धर्मगुरूंचेही डोळे पाणावले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला त्या नायिकेच्या नावाने हाक मारू लागलो. जेवणघरात, मैदानावर, प्रार्थनेला जाताना जिन्यातही. मी त्याचा जवळचा मित्र. मीही मारीत असे. तो हसून घेई. पावसाळा संपण्यापूर्वी तो सेमिनरी सोडून गेला. कारण कोणी विचारले नाही. ‘तो खरा तसाच होता का?’ एवढेच आम्ही आपसांत पुष्कळ दिवस विचारीत राहिलो.

बारा वर्षांनी तो मला दादर स्टेशनच्या पुलावर भेटला. मी नुकताच मुंबईत बदलून आलो होतो. गर्दीत त्यानेच मला ओळखले, हात धरला, माझ्या आईची चौकशी केली. एका शाळेत शिकवितो म्हणाला. मला मनापासून आनंद झाला होता, हे खोटे नाही. पण तो बोलत असताना माझी नजर खाली गेली आणि त्याच्या बोटात लग्नाची अंगठी आहे का, हे पाहून आली. ती होती की नव्हती, ते मी येथे लिहीत नाही. माझी नजर कोठे गेली, हे त्याच्या लक्षात आले.

“बराय फादर, माझी गाडी आली,” असे म्हणून तो जिना उतरून गेला. पूर्वी तो मला नावाने हाक मारीत असे.