फोन उचलणारं माणूस

फ्रेंच शिकताना टेलिफोनवरचा एक छोटा संवाद लवकरच भेटतो. "बोंझूर मादाम, ज वुद्रे पार्ले आ मस्यू द्यूपाँ, सिल वू प्ले." नमस्कार बाई, मला द्यूपाँसाहेबांशी बोलायचं होतं. पलीकडून विचारणा होते, "से द ला पार द की?" कोण बोलतंय म्हणून सांगू? आणि मग, "न कित्ते पा", फोन ठेवू नका हं.

पुण्या-मुंबईत शाळेपासून फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ. ती 'ज वुद्रे'पाशी अडखळतात. 'हवंय' असं रोखठोक न म्हणता क्रियापद जरा मागे घ्यायचं, हे त्यांना व्याकरणाचं कोडं वाटतं. खरं तर मराठी मुलांना ते वाटू नये. 'साहेबांशी जरा बोलायचं होतं' हे आपण रोजच म्हणतो. बोलणं अजून व्हायचं असतं, तरीही 'होतं'.

मला त्या वाक्यात मोलाचा वाटतो तो पहिला शब्द. बोलायचंय द्यूपाँशी, पण नमस्कार मिळतो फोन उचलणाऱ्या बाईंना. फ्रान्समध्ये बेकरीत, बसमध्ये, पोस्टाच्या खिडकीशी बोंझूर न म्हणता थेट काम सांगितलं, की समोरच्याला ते लागतं. फ्रेंच माणसं तुसडी असतात अशी तक्रार पाहुणे करतात. त्यातल्या बऱ्याच तुसडेपणाचं मूळ या राहून गेलेल्या शब्दात असतं. 2013 साली नीस शहरातल्या एका कॅफेने फळ्यावर दर लिहिले होते. नुसतं 'एक कॉफी' म्हणाल तर 7 युरो, 'एक कॉफी, प्लीज' म्हणाल तर 4.25, आणि 'नमस्कार, एक कॉफी प्लीज' म्हणाल तर 1.40. फळा गमतीनेच लावलेला होता, पण दिवसभर कॉफी देणाऱ्या माणसाला काय हवं असतं ते त्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

शिवाय तिथे अनोळखी प्रौढ माणसाला, मग तो संचालक असो की फरशी पुसणारा, 'वू' म्हणजे अहोजाहोच. क्रांतीच्या धामधुमीत, 1793 मध्ये, सरकारी कचेऱ्यांत सर्वांनी एकमेकांना 'त्यू' म्हणावं, अरेतुरे करावं, असा आग्रह धरला गेला. समता आणायची होती. ती रीत टिकली नाही. रोजच्या व्यवहारात जी काही समता दिसते ती उलट्या वाटेने, सगळ्यांना 'वू' म्हणून आली, असं मला वाटतं.

आणि आपण? दारावरच्या रखवालदाराला विचारतो, "साहेब आहेत का रे?" 'आहेत' साहेबांसाठी, 'रे' त्याच्यासाठी. चार शब्दांत दोन माणसांची किंमत ठरवून मोकळे होतो. तो वयाने आपल्या वडिलांएवढा असला तरी 'रे' सुटत नाही. हे मला फार खुपतं, कारण भाषेत उणं काहीच नाही. अहो आहे, काका आहे, मावशी आहे, नमस्कार तर आहेच.

उद्या कुठल्या कचेरीत फोन लावाल, तेव्हा साहेब आहेत का हे विचारण्याआधी फोन उचलणाऱ्याला नमस्कार करा, आणि पुढचं सगळं 'अहो' म्हणूनच बोला.